शनिवार की रविवार? सातव्या दिवसाचा जुना वाद

बेळगावात शनिवार खुटावरून रविवार पेठेत पायी जायला फार वेळ लागत नाही. वाटेत ओळखीचे कोणी भेटले नाही तर दहा मिनिटे, भेटले तर अर्धा तास. ख्रिस्ती धर्मात मात्र शनिवार आणि रविवार यांच्यामधले अंतर जवळजवळ एकोणीसशे वर्षांत कापून झालेले नाही. देवाने विश्रांतीसाठी नेमलेला दिवस, ज्याला मराठी बायबलात 'शब्बाथ' आणि कन्नड बायबलात 'सब्बत' म्हटले आहे, तो नेमका कोणता? जगातले बहुसंख्य ख्रिस्ती रविवारी प्रार्थनेला जातात. एक अल्पसंख्य वर्ग शनिवारच धरून बसला आहे. आणि या एका दिवसापायी लोकांनी नोकऱ्या सोडल्या आहेत, तुरुंग पाहिले आहेत, कपाळावर डाग घेतले आहेत.

मला यातले काही ठाऊक नव्हते. इतिहास शिकवत असूनही नव्हते. ठाऊक झाले ते बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीमुळे.

अंतर्गत परीक्षेचे वेळापत्रक त्या वर्षी माझ्याकडे होते. माझ्या विषयाचा पेपर मी शनिवारी सकाळी लावला. नोटीस लागली त्याच दिवशी ही मुलगी स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. "सर, शनिवारचा पेपर मला देता येणार नाही." मला वाटले, घरात लग्नकार्य असेल. ती म्हणाली, "आमचा शब्बाथ असतो." मी म्हटले, "अगं, तुमचा शब्बाथ रविवारी ना?" "नाही सर. आम्ही अ‍ॅडव्हेंटिस्ट. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी सूर्य मावळेपर्यंत." मग थोडे थांबून तिने एक तोडगा सुचवला. "मी सकाळपासून कॉलेजातच बसून राहते. वही, मोबाइल काही जवळ ठेवत नाही. कुणाशी बोलतही नाही. सूर्य मावळला की मला पेपर द्या."

मी विषय बैठकीत मांडला. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "आज हिच्यासाठी शनिवार सोडायचा, उद्या दुसऱ्या कुणासाठी शुक्रवार, परवा आणखी कुणासाठी सोमवार. मग परीक्षा घ्यायची कधी?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. घरी कन्नड, बाहेर मराठी, असे आपल्याकडचे नेहमीचे घर. "तप्प तिळकोब्याड्री सर," त्यांनी सुरुवातच अशी केली. "मार्क वाढवा म्हणत नाही. वेळ तेवढी बदलून द्या." मी नियम सांगितले. वर मोठ्या शहाणपणाने म्हणालो, "एका दिवसाने देव रागावतो का हो?" ते काही बोलले नाहीत. नमस्कार करून गेले.

ती परीक्षेला आली नाही. त्या चाचणीत शून्य पडले आणि पुढे त्या विषयात तिचा फर्स्ट क्लास थोडक्यात हुकला.

त्याच शनिवारी दुपारी घरून फोन आला. "तेल संपलंय. पण आज शनिवार, आज आणू नका. उद्या आणा." आमच्या आईच्या वेळेपासून शनिवारी घरात तेल आणत नाहीत. मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. देव रागावतो का, असे बायकोला विचारावेसे मला वाटले नाही.

तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचत गेलो.

आज्ञा एक, कारणे दोन

बायबलच्या पहिल्याच पुस्तकात, उत्पत्तीत, देव सहा दिवसांत सृष्टी घडवतो आणि सातव्या दिवशी थांबतो. पुढे मोशेला मिळालेल्या दहा आज्ञांत हा सातवा दिवस पवित्र पाळण्याची आज्ञा येते. गंमत म्हणजे या आज्ञेचा क्रमांकसुद्धा सर्वांना एकच नाही. प्रॉटेस्टंटांकडे बहुतेक ठिकाणी ती चौथी मोजतात, कॅथलिकांकडे तिसरी. आपल्या कॅम्पातल्या मेथडिस्ट घरातली मुले आणि गोव्यातली त्यांची कॅथलिक भावंडे तीच आज्ञा वेगवेगळ्या नंबराने पाठ करतात.

पण मला त्याहून महत्त्वाचे वाटले ते दुसरेच. दहा आज्ञा बायबलात दोनदा येतात आणि या आज्ञेचे कारण दोन्ही ठिकाणी वेगळे दिले आहे. 'निर्गम' या पुस्तकात कारण आहे सृष्टीचे : देव थांबला म्हणून तुम्हीही थांबा. 'अनुवाद' या पुस्तकात कारण आहे गुलामगिरीचे : तुम्ही मिसर देशात गुलाम होता हे विसरू नका, म्हणून तुमच्या दासदासींनाही थांबू द्या. बैलाला, गाढवाला, दारी आलेल्या परक्यालाही. आपल्याकडे बेंदराला किंवा कारहुणवीला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, तसे तिथे दर आठवड्याला. मालकाला सुट्टी घ्यायला आज्ञा लागत नाही. आज्ञा लागते ती गड्याला सुट्टी मिळावी म्हणून.

हा सातवा दिवस म्हणजे शनिवार, याबद्दल वाद नाही. ज्यू लोक तो अखंड पाळत आले आहेत. अनेक भाषांत शनिवारचे नावच शब्बाथवरून पडले आहे : ग्रीकमध्ये साव्वातो, रशियनमध्ये सुब्बोता, अरबीत सब्त. पोर्तुगीजमध्ये शनिवार म्हणजे 'साबादु' आणि सोमवार म्हणजे 'सेगुंदा फैरा', शब्दशः दुसरा दिवस. गोव्यात पोर्तुगीज बोलणारी जुनी कॅथलिक घरे शनिवारला शब्बाथच म्हणत आणि मिसाला जात रविवारी, म्हणजे पहिल्या दिवशी. भिंतीवरच्या आपल्या कॅलेंडरातही रविवार पहिलाच असतो. युरोपात हल्ली सोमवारपासून आठवडा छापतात आणि त्यामुळे रविवार आपोआप सातवा होऊन बसतो. शनिवारवाल्यांना ही छपाई मुळीच आवडत नाही.

तेव्हा प्रश्न सातवा दिवस कोणता हा नाही. सातव्या दिवशीचा मान पहिल्या दिवसाला देता येतो का, आणि तो देण्याचा अधिकार कोणाला, हा खरा प्रश्न आहे.

येशू ज्यू होता. शब्बाथच्या दिवशी तो सभास्थानात जात असे. त्या दिवशी रोग्याला बरे केले म्हणून, भुकेल्या शिष्यांनी शेतातली कणसे मोडून खाल्ली म्हणून, धर्मपंडितांशी त्याचे खटके उडाले. दिवस माणसाच्या भल्यासाठी आहे, माणूस दिवसासाठी जन्मलेला नाही, असा त्याच्या सांगण्याचा रोख. म्हणजे दिवस कसा पाळावा यावर तो भांडला. दिवस बदला असे तो कुठे म्हणाल्याची नोंद नाही. शनिवारवाल्यांचे हे सर्वांत पक्के ठाणे.

रविवारवाल्यांचे ठाणे दुसरे. शुक्रवारी येशूला क्रुसावर चढवले. शनिवारी त्याच्याबरोबरच्या स्त्रियांनी नियमाप्रमाणे विश्रांती घेतली. रविवारी पहाटे त्या कबरीपाशी गेल्या तो कबर रिकामी. ख्रिस्ती श्रद्धेचा सगळा डोलारा ज्या घटनेवर उभा आहे ते पुनरुत्थान रविवारचे. म्हणून पहिल्या पिढीतले शिष्य आठवड्याच्या पहिल्या दिवशी जमून भाकरी मोडू लागले, असे ते दाखवतात. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात त्रोवस गावच्या अशा एका बैठकीचे वर्णन आहे. पौलाचे प्रवचन मध्यरात्रीपर्यंत लांबले आणि खिडकीत बसलेला एक तरुण पेंगून खाली पडला, ही तीच बैठक. (आमच्या वर्गात तिसऱ्या बाकापासून मागे खिडक्या आहेत. असो.) याच पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे की, कोणी एक दिवस दुसऱ्यापेक्षा मोठा मानतो, कोणी सगळे सारखे मानतो, ज्याने त्याने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी. पौलाचे तेवढे ऐकले असते तर हा लेख लिहावा लागला नसता.

सम्राटाचा रविवार

रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन याने इ. स. ३२१ च्या मार्च महिन्यात हुकूम काढला की, सूर्याच्या पूज्य दिवशी न्यायाधीशांनी, शहरातल्या लोकांनी आणि कारागिरांनी काम थांबवावे. शेतकऱ्यांना मात्र सूट होती. पेरणीची किंवा द्राक्षवेल लावण्याची वेळ टळली तर पीक हातचे जाईल, म्हणून. हुकुमात ख्रिस्ताचे नाव नाही, सूर्याचे आहे. ग्रहांच्या नावांचा तोच आठवडा पुढे आपल्याकडेही रुजला. भारतातला वाराचा सर्वांत जुना ज्ञात कोरीव उल्लेख मध्य प्रदेशातल्या एरण येथील स्तंभावर आहे, इ. स. ४८४ चा, आणि तो वार गुरुवार. म्हणजे आपला रविवार आणि कॉन्स्टंटाइनचा रविवार एकाच गोत्रातले.

शनिवारवाल्यांच्या लोकप्रिय पुस्तिकांत सगळा दोष या कॉन्स्टंटाइनवर टाकलेला असतो. इतिहासाचा शिक्षक म्हणून मला ते मान्य करता येत नाही. इ. स. १५० च्या सुमाराला रोममध्ये राहणाऱ्या जस्टिन नावाच्या ख्रिस्ती विद्वानाने रविवारच्या उपासनेचे वर्णन लिहून ठेवले आहे. कॉन्स्टंटाइनच्या आधी दीडशे-पावणेदोनशे वर्षे. सॅम्युएले बाक्कियोक्की या अ‍ॅडव्हेंटिस्ट पंडिताने चक्क रोमच्या कॅथलिक ग्रेगोरियन विद्यापीठात या विषयावर संशोधन केले आणि १९७७ मध्ये ते पुस्तकरूपाने आले. त्यानेही बदलाचे मूळ दुसऱ्या शतकातच शोधले. ज्यूंनी रोमविरुद्ध बंड केले, सम्राट हेड्रियनने ते मोडले आणि ज्यूंच्या चालीरीतींवर बंदी आली. तेव्हा आपण ज्यू नाही हे दाखवण्यासाठी रोममधल्या ख्रिस्ती लोकांनी रविवार जवळ केला, असे त्याचे म्हणणे. ते सर्वांना पटलेले नाही. १९८२ मध्ये डी. ए. कार्सन यांनी संपादित केलेला मोठा ग्रंथ त्याच्या उत्तरादाखल निघाला. पण कॉन्स्टंटाइनने केले ते एवढेच की, जी चाल होती तिला सरकारी शिक्का दिला.

मात्र रविवारवाल्यांचीही एक सोयीची समजूत आहे, की शनिवार पहिल्या दिवसापासून सुटला. तसेही नाही. कित्येक शतके पूर्वेकडच्या मंडळ्या दोन्ही दिवशी जमत होत्या. चौथ्या शतकातल्या लाओदिकीया येथील धर्मसभेला एक स्वतंत्र नियम करावा लागला, की ख्रिस्ती माणसाने ज्यूंसारखे शनिवारी स्वस्थ बसू नये, काम करावे. लोक बसत नसते तर नियम कशाला केला असता? संत ऑगस्टिनची आई मोनिका मिलान शहरात आली तेव्हा गोंधळली. रोममध्ये शनिवारी उपवास धरत, मिलानमध्ये धरत नसत. ऑगस्टिनने तिथल्या बिशप अँब्रोज यांना विचारले. ते म्हणाले, मी इथे असतो तेव्हा उपवास करत नाही, रोमला गेलो की करतो. आपल्याकडच्या आजीने सुनेला सांगितले असते तेच : ज्या गावाला जाशील तिथली रीत पाळ.

दोन्ही दिवसांचा मान राखणारा एक मोठा देश अजून आहे, इथिओपिया. तिथे चौदाव्या शतकात एवोस्ताटेवोस नावाच्या संन्याशाने शनिवारचा आग्रह धरला. त्याला देश सोडावा लागला आणि तो आर्मेनियात वारला. त्याच्या शिष्यांनी हट्ट सोडला नाही. शेवटी १४५० मध्ये राजा झेरा याकोब याने धर्मसभा भरवून शनिवार आणि रविवार दोन्ही मान्य केले. भांडण तोडण्याचा हा मार्ग युरोपात कोणाला सुचला नाही.

युरोपात शनिवार पाळणे हा ज्यू असल्याचा पुरावा मानला जाई. स्पेन आणि पोर्तुगालमध्ये जबरदस्तीने ख्रिस्ती केलेल्या ज्यूंवर धर्मन्यायालयाची नजर असे. शुक्रवारी घर कोण झाडतो, शनिवारी धुतलेले कपडे कोण घालतो, हे शेजाऱ्यांनी येऊन कळवायचे. तेच न्यायालय १५६० मध्ये गोव्यात आले आणि त्याच्या पहिल्या लक्ष्यांत हे 'नवे ख्रिस्ती' होते.

आणि त्याच काळात, गोव्याच्या उत्तरेला, अलिबागकडच्या गावांत काय चालले होते पाहा. तिथे मराठी बोलणारे, तेलाचा घाणा चालवणारे लोक होते. ते शनिवारी घाण्याला बैल जुंपत नसत. म्हणून गाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणे. महादेवाच्या नंदीसाठी सोमवारी बैल सोडणारे ते 'सोमवार तेली'. हे शनिवार तेली म्हणजे बेने इस्राएल. हिब्रू भाषा ते जवळजवळ विसरले होते, पण वार विसरले नव्हते. गावाने त्यांना त्यावरून कोणताही जाब विचारला नाही, फक्त नाव ठेवले. शनिवारी तेल न आणणाऱ्या आमच्या आईला हे शनिवारी तेल न गाळणारे तेली फार आवडले असते.

नांगर, गिरणी आणि कोर्ट

प्रॉटेस्टंट सुधारणेनंतर बायबल घरोघर पोहोचले आणि जुना प्रश्न पुन्हा डोके वर काढू लागला. कॅथलिक पंडितांनी प्रॉटेस्टंटांना चिमटा काढायला सुरुवात केली : तुम्ही म्हणता फक्त बायबल मानू, चर्चची परंपरा मानणार नाही. मग रविवार कोणत्या पानावर आहे ते दाखवा. अमेरिकेतले कार्डिनल गिबन्स यांनी १८७६ मधल्या आपल्या पुस्तकात हाच मुद्दा मांडला. शनिवारवाले प्रॉटेस्टंट तो आजही आनंदाने सांगतात. शत्रूने दिलेला दाखला नेहमीच गोड लागतो.

इंग्लंडात जॉन ट्रास्क नावाच्या धर्मोपदेशकाने शनिवार पाळायला सुरुवात केली. १६१८ मध्ये राजाच्या न्यायालयाने त्याला फटक्यांची शिक्षा दिली आणि कपाळावर ज्यू या शब्दाचे आद्याक्षर डागले. पुढे याच देशातून सातव्या दिवसाचे बाप्टिस्ट निघाले. १६७१ मध्ये त्यांची अमेरिकेतली पहिली मंडळी न्यूपोर्ट गावी स्थापन झाली. त्यांच्यापैकीच रेचल ओक्स नावाच्या बाईने १८४४ च्या सुमाराला न्यू हॅम्पशायरमधल्या एका छोट्या मंडळीला शनिवारची गोष्ट पटवली. ख्रिस्त १८४४ च्या ऑक्टोबरात परत येणार म्हणून वाट पाहत बसलेले आणि निराश झालेले जे लोक होते, त्यांच्यातल्या काहींनी हा शनिवार उचलला. १८६३ मध्ये त्यांचा 'सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट' पंथ रीतसर उभा राहिला. आपल्या नाश्त्याच्या बशीत आलेले कॉर्नफ्लेक्स याच मंडळींच्या बॅटल क्रीक येथील आरोग्यधामातून निघाले.

अमेरिकेत सरकारचा अधिकृत धर्म नाही, पण राज्याराज्यांत रविवारचे कायदे होते. १८८९ मध्ये टेनेसी राज्यात किंग नावाच्या अ‍ॅडव्हेंटिस्ट शेतकऱ्याला रविवारी आपल्याच शेतात काम केले म्हणून पकडले. विचार करा, शनिवारी देवासाठी काम बंद, रविवारी सरकारसाठी काम बंद. ज्याचे पोट पाच दिवसांच्या कामावर भरत नाही त्याने काय करायचे? कॉन्स्टंटाइनने सोळाशे वर्षांपूर्वी शेतकऱ्याला दिलेली सूटही टेनेसीने दिली नव्हती.

मला सर्वांत जवळची वाटते ती अ‍ॅडेल शर्बर्ट या गिरणी कामगार बाईची गोष्ट. साउथ कॅरोलिना राज्यात स्पार्टनबर्ग इथल्या कापडगिरणीत तिने अनेक वर्षे नोकरी केली. १९५७ मध्ये ती अ‍ॅडव्हेंटिस्ट झाली. तेव्हा आठवडा पाच दिवसांचा होता, काही अडले नाही. १९५९ मध्ये गिरणीने सगळ्या पाळ्यांना शनिवारही लावला. ती गेली नाही आणि नोकरी गेली. आसपासच्या गिरण्यांतही शनिवार होताच. बेकारीभत्ता मागितला तर सरकार म्हणाले, काम उपलब्ध असून तू घेत नाहीस. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६३ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी निकाल तिच्या बाजूने लागला. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी एक गोष्ट नेमकी पकडली. त्याच राज्याच्या कायद्यात रविवार पाळणाऱ्या कामगाराला संरक्षण होते : गिरणी रविवारी चालवावी लागली तरी ज्याचे मन घेत नाही त्याच्यावर सक्ती करायची नाही. रविवारवाल्याचे मन मोजले जात होते, शनिवारवालीचे नाही.

इथे मला आपले नारायण मेघाजी लोखंडे आठवतात. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची सुट्टी नव्हती. फुल्यांच्या सत्यशोधक विचारातून आलेल्या लोखंड्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. गोऱ्या साहेबाचा चर्चचा दिवस म्हणून ती आली, असे आपण समजतो. पण रविवार हा आपल्या खंडोबाचा वार आहे, हेही लोखंड्यांच्या मागणीमागचे कारण म्हणून सांगितले जाते. त्याच खंडोबाला सीमेच्या अलीकडे आपण मैलारलिंग म्हणतो. म्हणजे आपण सगळे ज्या रविवारी निवांत चहा पितो तोही कोणीतरी मागून घेतलेला आहे. ज्याला रविवार हवा होता त्याला तो मिळाला. ज्याला शनिवार हवा त्याचे मागणे शिल्लक राहिले.

आणि आता तर रविवारही राहिलेला नाही. अमेरिकेच्या पोस्टाने २०१३ मध्ये अ‍ॅमेझॉनशी करार करून रविवारीही पार्सले वाटायला सुरुवात केली. पेनसिल्व्हेनियातला जेराल्ड ग्रॉफ हा ग्रामीण पोस्टमन रविवार पाळणारा. त्याने पाळी घ्यायला नकार दिला, शिस्तभंगाच्या कारवाया झाल्या, २०१९ मध्ये त्याने नोकरी सोडली. त्याच्या आड येत होता तो १९७७ चा निकाल, ज्यात शनिवार पाळणारा एक विमान कंपनीचा कर्मचारी हरला होता. मालकाला किरकोळ खर्च आला तरी त्याने सवलत नाकारावी, असा त्या निकालाचा अर्थ लावला जाई. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की, किरकोळ खर्च हे कारण पुरेसे नाही. आणि या रविवारवाल्या पोस्टमनच्या बाजूने कोर्टात आपले म्हणणे मांडले ते कोणी? शनिवारवाल्या अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळीने. धर्मशास्त्रात दोघांचे पटत नाही. पण बॉस पाळी लावतो तेव्हा दोघे एकाच बाकावर बसतात.

दक्षिण कोरियातही २०२४ मध्ये असा निकाल लागला. एका अ‍ॅडव्हेंटिस्ट उमेदवाराची लॉ स्कूलची मुलाखत शनिवारी होती. वेळ मागे घ्यावी एवढीच त्याची विनंती, ती फेटाळली गेली होती. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने उमेदवाराची बाजू घेतली. ते वाचताना मला स्टाफरूमचे दार दिसत होते.

हरवलेला शुक्रवार

वार हा देवाने नेमलेला की माणसाने, या प्रश्नाची खरी फजिती प्रशांत महासागरातल्या सामोआ बेटांवर झाली. सामोआचा व्यापार मुख्यतः ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडशी. त्यांचा सोमवार तेव्हा यांचा रविवार, त्यांचा शनिवार तेव्हा यांचा शुक्रवार. म्हणून २०११ च्या अखेरीस सामोआने तारीखरेषेची बाजू बदलली. गुरुवार २९ डिसेंबरला लोक झोपले, उठले ते शनिवार ३१ डिसेंबरला. मधला शुक्रवार आलाच नाही.

आता अ‍ॅडव्हेंटिस्टांनी काय करायचे? मागच्या शब्बाथपासून सात सूर्यास्त मोजले तर सातवा दिवस नव्या कॅलेंडरात रविवारी पडतो. कॅलेंडरवर शनिवार म्हणून छापलेला दिवस धरला तर तो मोजणीने सहावाच. शेजारच्या टोंगा बेटांवरचे अ‍ॅडव्हेंटिस्ट याच हिशेबाने आधीपासून रविवारी जमत होते. सामोआतल्या मंडळीनेही मोजणी धरली आणि रविवारी जमू लागली. काहींना ते सहन झाले नाही. आयुष्यभर रविवारच्या विरुद्ध बोललो आणि आता रविवारी देवळात जायचे? ते फुटून निघाले आणि शनिवारीच जमू लागले. एकाच बेटावर, एकाच पुस्तकावर श्रद्धा असलेले, शब्बाथसाठीच ओळखले जाणारे लोक, आणि त्यांच्यातही शनिवार-रविवार.

मला हे वाचून आधी हसू आले. मग आले नाही. दोन्ही गट खरे वागत होते. एकाने सूर्याशी इमान राखले, दुसऱ्याने नावाशी.

आपल्या भागातल्या लोकांना अ‍ॅडव्हेंटिस्ट ठाऊक असतात ते बहुधा पुण्याच्या स्पायसरमुळे. १९१५ मध्ये कोइमतूरला सुरू झालेली ही शाळा बंगळूरमार्गे १९४२ मध्ये पुण्यात आली आणि २०१४ पासून ते विद्यापीठ आहे. तिथे शनिवारी वर्ग नसतात आणि त्याचे कोणाला आश्चर्यही वाटत नाही. आश्चर्य वाटते ते तिथून बाहेर पडल्यावर, जिथे वेळापत्रक माझ्यासारखा कोणीतरी लावतो.

ती मुलगी पदवी घेऊन गेली, पुढे बी.एड. झाली. आता धारवाडकडे एका शाळेत शिकवते. मागच्या डिसेंबरात तिचा फोन आला होता. शाळेची सहल शुक्रवारी निघणार होती, ती कुटुंबाची काहीतरी अडचण सांगून दुपारीच घरी निघाली होती, बसमध्ये होती. "डिसेंबरात फार घाई होते सर. सहाच्या सुमाराला मावळतो." मी विचारले, शाळेत खरे कारण का नाही सांगितले? ती म्हणाली, "सांगितलं की लोक समजावत बसतात."

यंदाचे अंतर्गत परीक्षेचे वेळापत्रक पुन्हा माझ्याकडेच आले. माझा पेपर मी बुधवारी घेतला आणि शनिवार रिकामा सोडला. यादीत या वर्षी कोणी अ‍ॅडव्हेंटिस्ट आहे की नाही, मी पाहिले नाही. बैठकीत एका तरुण सहकाऱ्याने विचारले, "सर, शनिवार का सोडला?" मी म्हणालो, "शनिवारी आमच्याकडे तेल आणत नाहीत."